नाटकाच्या दारातला गल्ला

आज आपण जाऊ या चारशे वर्षांपूर्वीच्या लंडन शहरात. तेव्हा इंग्लंडच्या गादीवर एक बाई होती, राणी एलिझाबेथ. १५५८ ते १६०३ तिनं राज्य केलं.

शहर गजबजलेलं, वस्ती सुमारे दोन लाख. अरुंद गल्ल्या, लाकडी घरं आणि मधूनच प्लेगची साथ. साथ वाढली की नाटकं बंद. शहराच्या कारभाऱ्यांना नाटकाची गर्दी नकोच असायची, म्हणून मोठी नाटकघरं हद्दीबाहेर उभी राहिली. जेम्स बर्बेज यांनी १५७६ मध्ये असंच एक बांधलं. पुढे जागेचा वाद झाला, तेव्हा त्याचं लाकूड उतरवून नदीपार नेलं आणि त्यातून १५९९ मध्ये ‘ग्लोब’ उभं राहिलं. शेक्सपियरची नाटकं तिथं होत.

खेळ दुपारी असे, उजेड सूर्याचा. मधलं अंगण उघडं. एक पेनी दिली की तिथं उभं राहून नाटक बघायचं. आणखी एक पेनी दिली की छपराखाली सज्ज्यात जागा. दारावरचे पैसे मातीच्या गल्ल्यात पडत. आपल्या पोरांचा असतो ना, तसाच, फोडूनच पैसे काढायचे. ‘रोझ’ नाटकघराच्या जागी खोदकामात अशा गल्ल्यांचे तुकडे सापडले आहेत.

आता बायकांचं ऐका. त्या पैसे देऊन नाटकाला येत. दारावर पैसे गोळा करायच्या कामावरही काही बायका असत. पण रंगमंचावर? तिथं बाईला जागा नव्हती. ज्युलिएट असो की राणी क्लिओपात्रा, काम मुलगेच करत. राज्य बाईचं, पण नाटकातली बाई मात्र मुलगा! इंग्लंडच्या व्यावसायिक रंगमंचावर बायका आल्या त्या १६६० नंतर.

आपल्याकडंही फार वेगळं नव्हतं. मराठी संगीत नाटकात बालगंधर्वांनी साकारलेल्या नायिका बघायला बायका गर्दी करत, त्यांच्यासारखं लुगडं नेसत.

मैत्रिणींनो, गल्ला सांभाळायला बाई चालते, मग चार लोकांसमोर बोलायला का नाही? पुढच्या बैठकीत आपल्या गटाचा हिशेब जी लिहिते, तिलाच उभं राहून तो वाचू द्या. गावात कार्यक्रम असेल, तर नुसत्या सतरंज्या अंथरू नका, माइकही हातात घ्या.