पिल्लू पडलंय की उतरलंय?



उन्हाळा लागला की बुलबुल, साळुंकी, दयाळ यांची घरटी सुरू होतात. मग अंगणात, परड्यात एखादं पिल्लू जमिनीवर सापडतंच. मुलं ते ओंजळीत धरून घरात आणतात. आपण टोपलीखाली झाकतो, दूध पाजतो, भाताची शितं भरवतो. आणि पुष्कळदा सकाळी पिल्लू मेलेलं असतं. एवढा जीव लावूनही असं का होतं, ते आज बोलूया.

उचलण्याआधी पिल्लाकडे नीट बघायचं. अंगभर पिसं आहेत, डोळे उघडे आहेत, शेपूट आखूड आहे आणि ते टुणटुण उड्या मारतंय? मग ते पडलेलं नाही, घरट्यातून उतरलेलं आहे. बुलबुलाचं पिल्लू अंड्यातून बाहेर आल्यावर साधारण दोन आठवड्यांत घरटं सोडतं. तेव्हा त्याला धड उडता येत नसतं. पुढचे काही दिवस ते झुडपात नाहीतर जमिनीवर काढतं. आईबाप जवळच असतात, किडे-अळ्या आणून भरवतात. पण आपण तिथं उभ्या असलो की ते खाली येत नाहीत, आणि आपल्याला वाटतं, याला कुणीच नाही!

अशा वेळी मांजर-कुत्रं घरात कोंडायचं, मुलांना लांब बोलवायचं. पिल्लू रस्त्यावर किंवा उन्हात असेल तर अलगद उचलून जवळच्याच जास्वंदीत, मेंदीत ठेवायचं. मग घरातून तास-दोन तास लक्ष ठेवायचं. बहुतेक वेळा आई येतेच.

पिल्लू उघडंबोडकं असेल, डोळे मिटलेले असतील, तर ते खरंच पडलंय. घरटं दिसत असेल आणि हात पोचत असेल तर त्याला परत आत ठेवायचं. माणसाचा हात लागला की पाखरं पिल्लाला टाकतात, असं आपण लहानपणापासून ऐकतो. ते खरं नाही. घरटं मोडलं असेल तर लहानशा टोपलीत वाळकं गवत घालायचं आणि ती त्याच झाडाला सावलीत घट्ट बांधायची. पावसाचं पाणी साचू नये म्हणून टोपलीला खाली भोकं हवीत.

आता पाजण्याचं. पाखराच्या जिभेच्या मागेच श्वासनलिकेचं तोंड असतं. चोचीत पाणी सोडलं की ते थेट फुप्फुसात जाऊ शकतं. दूध तर पाखरांना पचतच नाही. म्हणून तोंडात काहीही घालायचं नाही.

पंख लोंबतोय, रक्त येतंय किंवा मांजरानं तोंडात धरलं होतं, तर मात्र थांबायचं नाही. मांजराच्या दातांची जखम दिसली नाही तरी विषारते. खोक्याला भोकं पाडून, आत मऊ फडकं घालून पिल्लू त्यात ठेवायचं, वर झाकण लावायचं. मग जनावरांचा दवाखाना गाठायचा किंवा वन विभागाच्या १९२६ क्रमांकावर फोन करायचा. बरं झालं तरी घरी पाळायचं नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे तो गुन्हा आहे.

मैत्रिणींनो, यंदा मुलांनी पिल्लू दाखवलं तर आधी त्यांना घेऊन चार पावलं मागे सरा. आई कशी खाली उतरते, ते त्यांनाही बघू द्या.