हातानें घडविलेला आगगाडीचा डबा



घरांतील मेजावर किंवा एखाद्या फळीवर धांवणारी लहानशी आगगाडी आपण पाहिली, तर प्रथम आपली नजर एंजिनाकडे जाते. मागून निमूटपणें येणाऱ्या डब्यांची विचारपूस सहसा कोणी करीत नाहीं. वास्तविक आगगाडी चालते ती उतारूंसाठीं, आणि उतारूंचें सारें सुखदुःख डब्यांतच सांठविलेलें असतें. खिडकीशीं बसण्याचा हट्ट, फराळाचा डबा, जोडीला बसलेल्या अनोळखी माणसाशीं झालेली ओळख, हें सर्व एंजिनांत घडत नाहीं. म्हणून आज मी आपणांपुढें उतारूंच्या डब्याची प्रतिकृति हातानें कशी घडवावी, आणि त्या कामांत खरेपणा म्हणजे काय, याविषयीं चार शब्द बोलणार आहें.

या कामाचे मार्ग दोन. पहिला, पत्रा, पुठ्ठा, लांकूड किंवा पितळ घेऊन डबा मुळापासून उभारणें. दुसरा, बाजारांत मिळणारा तयार डबा कापून, जोडून, त्याचें रूप पालटणें. कोणता मार्ग केव्हां धरावा हें समजण्यासाठीं एक उदाहरण घेऊं, आणि तें आपल्या माहेरचेंच घेऊं: मुंबई-पुण्याची दख्खनची राणी, म्हणजेच डेक्कन क्वीन.

डेक्कन क्वीनचे डबे करावयाचे म्हणतांच पहिला प्रश्न उभा राहतो, तो असा कीं, कोणत्या सालची डेक्कन क्वीन? ही गाडी १९३० सालच्या जून महिन्याच्या १ तारखेस ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेनें सुरू केली. त्या वेळीं सात-सात डब्यांच्या दोन गाड्या होत्या. एक रुपेरी, तिच्यावर शेंदरी पट्ट्या. दुसरी गडद निळी, तिच्यावर सोनेरी रेघा. डब्यांच्या तळाचे सांगाडे विलायतेंत बनले होते, आणि वरचीं शरीरें आपल्या माटुंग्याच्या कारखान्यांत. तेव्हां या गाडींत पहिला आणि दुसरा असे दोनच वर्ग होते. १९४९ च्या आरंभीं पहिला वर्ग बंद होऊन दुसऱ्याचाच पहिला झाला, आणि तिसऱ्या वर्गाच्या उतारूला या गाडींत पाऊल ठेवण्यास १९५५ साल उजाडावें लागलें. १९६६ सालीं ते जुने डबे जाऊन मद्रासजवळील पेरांबूर येथील कारखान्यांत बनलेले संपूर्ण पोलादी डबे आले. २०२२ सालीं त्यांचीहि जागा जर्मन तंत्रावर आधारलेल्या एल. एच. बी. डब्यांनीं घेतली. गाडीचें नांव एकच, परंतु रूपें तीन. १९३० च्या रुपेरी डब्यांमध्यें १९६६ चा उपाहारडबा जोडून दिला, तर तें चित्र सुंदर दिसेल, पण तशी गाडी कोणाहि माणसानें कधीं पाहिलेली नसेल. म्हणून पहिला नियम हा कीं, सुरी हातीं धरण्यापूर्वीं साल ठरवावें.

दुसरा प्रश्न मापाचा. जगांत सर्वांत अधिक प्रचारांत असलेलें प्रमाण एच. ओ., म्हणजे १:८७ हें होय. यांत खऱ्या एका फुटाला साडेतीन मि.मी. धरतात. याचा रूळ १६.५ मि.मी. रुंद असतो, आणि तो युरोप-अमेरिकेंतील चार फूट साडेआठ इंच रुळाच्या हिशेबानें बरोबर आहे. परंतु आपल्या ब्रॉड गेजची रुंदी साडेपांच फूट. तिला साडेतीननें गुणलें तर सव्वाएकोणीस मि.मी. भरतात. याचा अर्थ असा कीं, बाजारच्या रुळावर आपला डबा ठेवला तर तो पावणेतीन मि.मी. अरुंद पायांवर उभा राहतो. ज्याला हें खपत नाहीं त्यानें सव्वाएकोणीस मि.मी. चे रूळ स्वतः घालावे, आणि प्रत्येक चाकाची जोडी रुंद करून घ्यावी. हें व्रत कठीण आहे. ज्यांनीं तें धरलें नाहीं त्यांना मी कमी लेखीत नाहीं. मात्र आपण कोणती सवलत घेतली आहे हें त्यांनीं जाणून असावें.

आतां डब्याचीं मापें पाहूं. पेरांबूरच्या पोलादी डब्याचें शरीर ७० फूट लांब आणि ३,२४५ मि.मी. रुंद, रुळापासून छतापर्यंत उंची ४,०२५ मि.मी. या आंकड्यांना ८७ नीं भागलें म्हणजे प्रतिकृतीची लांबी २४५, रुंदी सदतीसहून किंचित् अधिक, आणि उंची सुमारें ४६ मि.मी. येते. येथेंच फेरफाराचा मोह उभा राहतो. इंग्लंडांत खेळण्याच्या गाड्या निराळ्या प्रमाणाच्या, फुटाला चार मि.मी. धरून केलेल्या असतात. तेथील साडेचौसष्ट फुटी मार्क वन डबा या मापानें २५८ मि.मी. लांब आणि छत्तीस-सदतीस मि.मी. रुंद होतो. म्हणजे रुंदी आपल्या डब्याशीं जवळजवळ जुळली! लांबींतून तेरा मि.मी. कापून टाकले कीं काम झालें, असें वाटतें. परंतु उंची मोजून पहा. ती भरते सुमारें ५१ मि.मी., म्हणजे पांच मि.मी. जास्त, चाकेंहि साडेदहाच्या ऐवजीं बारा मि.मी. व्यासाचीं. डबा आडवा बरोबर आणि उभा खोटा, अशी ती गंमत आहे. जर्मन डबा घ्यावा, तर तो १:८७ प्रमाणाचा खरा, पण तेथील नेहमींचा डबा २६.४ मीटर लांब आणि २.८२५ मीटर रुंद. त्याला कापून आंखूड करतां येईल, परंतु साडेचार-पांच मि.मी. नीं फुगविणार कसा?

यावरून फेरफाराचा नियम ध्यानांत येतो. दोन दिशांचीं मापें जुळत असतील आणि तिसरी कापण्याजोगी असेल, तर तयार डबा घ्यावा. बाजू तेवढ्या चुकीच्या असतील, तर त्या कापून काढून पत्र्याच्या नव्या बाजू बसवाव्या. छत, टोकें आणि तळ ठेवावा. पण अर्ध्याहून अधिक अंग बदलावें लागणार असेल, तर जुन्या घराला टेकू देत बसण्यापेक्षां नवें घर बांधणें सोपें. अशा वेळीं तयार डब्यांतून बफर, जोडण्या आणि कांचेचा पत्रा तेवढा घ्यावा, आणि बाकीचें मुळापासून करावें.

मुळापासून करण्यास आज पॉलिस्टायरीन या प्लॅस्टिकचा पत्रा सर्वांत सोयीचा. तो सुरीनें अर्धवट चिरून मोडला कीं सरळ रेषेंत तुटतो, आणि द्रावकाचा कुंचला फिरवला कीं सांध्यावर वितळून एकजीव होतो. या द्रावकाची वाफ अपायकारक असते. खिडक्या उघड्या ठेवूनच काम करावें. डब्याची बाजू दोन थरांची करावी: बाहेरचा थर अर्ध्या मि.मी. चा आणि आंतला एक मि.मी. चा. बाहेरच्या थरांत खिडक्या नेमक्या मापाच्या कापाव्या, आंतल्या थरांत किंचित् मोठ्या. म्हणजे कांच बसविण्यास आपोआप खांचण मिळते. दोन थर चिकटवितांना आंतल्या थराला जागोजाग बारीक भोंकें पाडावीं. तीं नसतील तर द्रावकाची वाफ मध्यें कोंडून राहते, आणि कांहीं महिन्यांनीं सरळ बाजू पापडासारखी वांकते.

खिडक्या कापण्याच्या कामांत घाई मुळींच चालत नाहीं. डोळा लांबींतील अर्ध्या मि.मी. ची चूक सोडून देतो, पण एका रांगेंतील एक खिडकी केसभर वर गेली तर ती लगेच पकडतो. म्हणून प्रथम सर्व खिडक्यांच्या वरच्या कडा एका पट्टीनें, मग सर्व खालच्या कडा एका पट्टीनें चिराव्या, आणि उभे छेद शेवटीं घ्यावे. कोपरे सुरीनें न कापतां आधीं बारीक भोंक पाडावें, म्हणजे पोलादी डब्याचा गोलसर कोपराहि साधतो आणि चीर पुढें पळत नाहीं.

आपल्याकडील बिनवातानुकूलित डब्याची खरी ओळख मात्र खिडकींत नसून खिडकीच्या गजांत आहे. विलायती प्रतिकृतींना आडवे गज नसतात. ते लावल्याबरोबर डबा हिंदी दिसूं लागतो. बोटाएवढ्या जाड गजाचें १:८७ प्रमाण केसाहून थोडेंच अधिक येतें. त्यासाठीं पितळेची अगदीं बारीक तार ताणून, सर्व खिडक्यांमागून एकसंध न्यावी, आणि दोन खिडक्यांमधील भागावर चिकटवावी. निरनिराळे तुकडे लावूं नयेत. ते कधींच एका ओळींत येत नाहींत.

बाजू, टोकें आणि तळ जोडतांना गुण्या जवळ हवा. पेटी तिरकी जुळली तर पुढें कितीहि रंग लावा, ती तिरकीच दिसेल. मध्यें तीन-चार आडवे पडदे घालावे. शक्य तर डब्यांतील खऱ्या भिंतींच्या जागींच घालावे, म्हणजे बळकटी आणि खरेपणा दोन्ही साधतात. छत मऊ लांकडाचें तासून करावें, आणि त्याची गोलाई तपासण्यास पुठ्ठ्याचा उलटा सांचा ठेवावा.

आतां तळाकडे वळूं. बोलतांना आपण संबंध डब्याला बोगी म्हणतों, परंतु बोगी म्हणजे डब्याखालील फिरती, चार चाकांची चौकट. आपल्या डब्याच्या दोन बोग्यांच्या मध्यांतील अंतर १४,७८३ मि.मी. आहे, प्रतिकृतींत तें १७० मि.मी. होतें. एक बोगी पुढें-मागें डुलेल, पण डाव्या-उजव्या बाजूस कलणार नाहीं अशी बसवावी. दुसरी मात्र सर्व बाजूंना मोकळी ठेवावी. तिपाई जशी ओबडधोबड जमिनीवरहि डगमगत नाहीं, तसा हा डबा रुळाच्या चढउतारावर सारीं चाकें टेकून राहतो. वजनाविषयीं अमेरिकेंतील नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनची शिफारस अशी आहे कीं, एच. ओ. डब्याला एक औंस, आणि शिवाय लांबीच्या प्रत्येक इंचाला अर्धा औंस असावा. आपल्या डब्याला हें सुमारें १६५ ग्रॅम येतें. तें वजन तळाशीं, जितकें खालीं जाईल तितकें खालीं ठेवावें.

डबा पूर्ण झाला, तरी वळण त्याची परीक्षा घेतेंच. अठरा इंच त्रिज्येच्या वळणावर आपल्या डब्याचा मध्य आंतल्या बाजूस जवळजवळ आठ मि.मी. सरकतो, आणि टोकें बाहेरच्या बाजूस साडेआठ मि.मी. जातात. शेजारच्या रुळावरील गाडी आणि फलाटाची कड यांना तो घासणार हें उघड आहे. तीस इंच त्रिज्या ठेवली तर मध्याचें सरकणें पांच मि.मी. च्या आंत येतें. खऱ्या रेल्वेचा अभियंता घाटांत ज्या कारणानें वळणाला भितो, त्याच कारणानें आपणहि भ्यावें.

शेवटीं रंग. अस्तराचा एक पातळ हात देऊन प्रथम दोष पहावे, कानशीचे ओरखडे काढावे, आणि मगच रंग चढवावा. खरा रंग जसाच्या तसा लहान डब्याला लावला तर तो अधिक गडद भासतो. म्हणून त्यांत पांढऱ्याचा थेंब घालण्याची रीत आहे. आणि येथेंच खरेपणाचा शेवटचा प्रश्न येतो. १९३० च्या डब्यांचीं छायाचित्रें काळींपांढरीं. निळा म्हणजे कोणता निळा, रुपेरी किती चकचकीत, पट्टीची रुंदी किती, हें चित्र पूर्णपणें सांगत नाहीं. कांहीं ठिकाणीं तर्क करावाच लागतो, आणि त्यांत लाज वाटण्याजोगें कांहीं नाहीं. लाज आहे ती तर्काला पुरावा म्हणून पुढें करण्यांत. पुण्याला कोथरूड येथें १९९८ सालीं लघुरेल्वेचें संग्रहालय सुरू झालें, तेव्हांपासून किती मुलांनीं आगगाडीचा कारभार प्रथम प्रतिकृतींतच पाहिला असेल! मूल जें पाहतें तें खरें मानतें. उद्यां माटुंग्याचा तो रुपेरी डबा कसा होता असें कोणी विचारलें, तर कदाचित् त्याच्यापुढें आपलीच प्रतिकृति ठेवली जाईल.

म्हणून माझी एकच सूचना आहे. डबा पुरा झाला कीं एका लहान कागदावर लिहावें: हें माप आराखड्यावरून घेतलें, ही खिडकी छायाचित्रावरून, आणि हा रंग माझ्या अंदाजानें. तो कागद घडी करून छताखालीं, डब्याच्या पोटांत ठेवून द्यावा. वरून तो कोणाला दिसणार नाहीं. परंतु पुढें कोणी दुरुस्तीसाठीं छत उचललें, तर त्या माणसाला आपल्या हातचें काम कळेल, आणि कोठें विश्वास ठेवावा व कोठें पुन्हां शोध करावा हेंहि कळेल.