सरकारी तिजोरी आणि पक्षाचे पावतीपुस्तक

(कार्यकर्ता शिबिरातील भाषणाचा मजकूर)



पक्षांचा खर्च सरकारने उचलला की ते भांडवलदारांच्या थैलीपासून मुक्त होतील, हा विचार वरकरणी समाजवादी वाटतो. इटलीने तो अमलात आणून पाहिला. त्याचे काय झाले, हे डाव्या चळवळीने तपासलेच पाहिजे.

१९७४ साली तेलकंपन्यांनी इटलीतील पक्षांना पैसे चारल्याचे प्रकरण गाजले. लोकक्षोभ शमविण्यासाठी मे महिन्यात घाईने कायदा झाला आणि पक्षांना सरकारी तिजोरीतून अनुदान सुरू झाले. त्याच महिन्यात घटस्फोटाच्या प्रश्नावर ख्रिश्चन डेमोक्रॅट आणि डावे पक्ष परस्परांविरुद्ध सार्वमत लढवीत होते; अनुदानाच्या प्रश्नावर मात्र ख्रिश्चन डेमोक्रॅट, सोशॅलिस्ट आणि कम्युनिस्ट एका बाजूस होते! १९७८ च्या सार्वमतात बड्या पक्षांनी हा कायदा टिकविण्याचे आवाहन केले, तरी ४३ टक्क्यांहून अधिक मतदारांनी तो रद्द करण्याच्या बाजूने कौल दिला. इशारा स्पष्ट होता. तो कोणी ऐकला नाही.

लाचखोरी थांबली काय? फेब्रुवारी १९९२ मध्ये मिलानमधील एका वृद्धाश्रमाचा प्रमुख, सोशॅलिस्ट पक्षाचा मारिओ किएझा, लाच घेताना पकडला गेला. तेथून धागा उलगडत गेला आणि त्यात जवळजवळ सर्व प्रस्थापित पक्ष गुंतले. १८९२ साली स्थापन झालेला सोशॅलिस्ट पक्ष १९९४ साली विसर्जित झाला. अनुदानाने लाचेची जागा घेतली नाही. लाचेत अनुदानाची भर पडली.

एप्रिल १९९३ मध्ये ९० टक्क्यांहून अधिक मतदारांनी अनुदान रद्द केले. पक्षांनी त्याच वर्षी ‘निवडणूक खर्चाची भरपाई’ या नावाने नवी वाट काढली. थेट निधी बंद करण्याचा निर्णय होण्यास २०१३ साल उजाडले.

याचे मूळ व्यक्तींच्या लोभापुरते नाही. वर्गणीवर जगणाऱ्या पक्षाला सभासदाच्या दारी जावे लागते आणि त्याची नाराजी ऐकावी लागते. अनुदान मात्र मतांच्या प्रमाणात थेट मुख्य कार्यालयात येते. मग शाखा हा पक्षाचा आधार न राहता खर्चाची बाब ठरते आणि नेतृत्व कार्यकर्त्यांना उत्तरदायी राहत नाही.

सरकारी मदत नसेल तर धनिकांचेच पक्ष टिकतील, हा आक्षेप खरा आहे. भारतात २०१८ साली आलेली निवडणूक रोख्यांची योजना सर्वोच्च न्यायालयाने १५ फेब्रुवारी २०२४ रोजी घटनाबाह्य ठरविली, ती उगाच नव्हे. पण मदतीला मर्यादा हवी. जर्मनीच्या घटना न्यायालयाने १९९२ साली ठरविले की, सरकारी निधी पक्षाने स्वतः उभारलेल्या उत्पन्नाहून अधिक असू नये. कम्युनिस्ट नेते इंद्रजित गुप्त यांच्या समितीने १९९८ साली रोख रकमेऐवजी वस्तुरूपाने मदत सुचविली.

या मर्यादा पाळूनही एक काम उरतेच. कामगाराने दिलेल्या रुपयाची पावती फाडताना त्याच्या प्रश्नांना उत्तर द्यावे लागते. ते ओझे ज्या पक्षाला नकोसे होते, त्याने आपले तत्त्व आधीच सोडलेले असते.