मांजरांच्या अंगावरील जटा



देवगड तालुक्यांतील कुणकेश्वर येथें समुद्राच्या अगदीं कांठीं महादेवाचें देऊळ आहे. जटा हें तेथल्या देवाचें भूषण. पण त्याच गांवीं सुटींत शहरांतून नेलेल्या लांब केसांच्या इराणी मांजराला त्या मोठा जाच होतात. वाळू, खारा दमट वारा, पावसाळा सरतां सरतां आघाड्याचीं चिकट फळें आणि गवताचीं कुसळें! चार दिवस फणी फिरली नाहीं कीं कानांमागें, बगलेंत, पोटावर गुंता जमतो व त्याचा नमदा बनतो.

हा नमदा दिसला कीं हात आपोआप कातरीकडे जातो. तेवढें मात्र करूं नका. मांजराची कातडी पातळ व सैल असते. गुंता मुळापर्यंत गेला म्हणजे ती त्यांत ओढली जाऊन तंबूसारखी वर येते. आपल्याला दिसतो केसांचा गोळा, आणि पात्यांत सापडते कातडी. माझ्याच हातून एकदां असें झालें. मांजर ओरडलेंहि नाहीं. दुसऱ्या दिवशीं केस सारून पाहिले तों दोन बोटें लांब जखम! टांके घालावे लागले.

स्नान हाहि उपाय नव्हे; भिजलेला गुंता वाळतांना अधिकच आवळतो. खोबरेल चोळण्याची आपल्या कोंकणांत हौस फार, पण तेलावर वाळू बसते. फिनेल तर जवळहि आणूं नये. तसलीं द्रव्यें मांजराच्या यकृताला पचत नाहींत.

मग करावें काय? मांजर जेवून सुस्तावलें कीं मांडीवर घ्यावें. गुंत्यावर चिमूटभर कॉर्नफ्लोर भुरभुरावें. गुंत्याचें मूळ कातडीलगत चिमटींत घट्ट धरावें, म्हणजे ओढ कातडीला न बसतां आपल्या बोटांना बसते. मग आधीं बोटांनीं व नंतर विरळ दातांच्या फणीनें टोकांकडून थोडें थोडें सोडवावें. मुळाकडून कधींच नाहीं. शेपूट आपटूं लागली कीं थांबावें. उरलेलें उद्यां.

कातडीला चिकटून बसलेला गुंता मात्र पशुवैद्याकडेच न्यावा. तेथें तो यंत्रानें भादरतात, जरूर तर गुंगी देऊन. त्याखालीं ओल, लाली, कधीं किडेहि निघतात. पावसाळ्यांत उशीर नको. आणि म्हातारें मांजर एकाएकीं जटाधारी झालें, तर त्याला आळशी ठरविण्यापूर्वीं त्याचे सांधे व दांत तपासून घ्यावे. दुखत असल्यामुळें त्यानें अंग चाटणेंच सोडलें असेल.