पेरियारच्या संगतीने : कोचीन ते मुन्नार

शहर कोठे वसवावे हे मनुष्य ठरवितो. परंतु बंदर कोठे टिकावे हे नदी आणि समुद्र ठरवितात. आपल्या कोकणातील चौल एके काळी दूरदेशीच्या गलबतांनी गजबजलेले असे. आज तेथे नारळी-पोफळीच्या वाड्या आणि पडक्या तटाच्या भिंती तेवढ्या राहिल्या आहेत. केरळातील कोडुंगल्लूरचीही कथा अशीच आहे. रोमन व्यापारी मिरी नेण्यासाठी ज्या मुझिरिस बंदरात येत, ते याच परिसरात होते. पुढे १३४१ साली पेरियार नदीला मोठा पूर आला. त्या पुराने कोडुंगल्लूरची वाट गाळाने कोंडली आणि दक्षिणेस कोचीनपाशी समुद्राचे मुख मोकळे केले, असे इतिहासकार मानतात. एका बंदराचे दैव फिरले आणि दुसऱ्याचे उघडले, ते असे.

कोचीन, म्हणजे आजचे कोची, पाहू इच्छिणाऱ्याने ही नदी प्रथम ध्यानात घ्यावी. एर्नाकुलमच्या धक्क्यावरून नावेने फोर्ट कोचीकडे निघाले की खाडीच्या मुखाशी चिनी जाळी दिसतात. लांब वाशांना बांधलेले ते प्रचंड जाळे पाण्यात हलकेच उतरते. थोड्या वेळाने चार-सहा कोळी दोर ओढू लागतात आणि पलीकडे टांगलेल्या दगडांच्या भाराने ते पुन्हा वर येते. कधी त्यात मासळी असते, कधी नुसतेच शेवाळ.

तेथून चार पावलांवर सेंट फ्रान्सिसचे चर्च आहे. वास्को द गामाला १५२४ साली कोचीनमध्येच मृत्यू आला आणि त्याला प्रथम येथे पुरण्यात आले. पुढे त्याच्या अस्थी पोर्तुगालला नेल्या. पोर्तुगिजांनंतर १६६३ मध्ये डच आले आणि १७९५ मध्ये इंग्रज. मट्टनचेरीत राजवाडा आहे, १५६८ सालचे यहुद्यांचे प्रार्थनामंदिर आहे, आणि गोव्याकडून आलेल्या गौड सारस्वतांचे तिरुमल देवस्थानही आहे. याच कोचीनमध्ये डच अधिकारी व्हान ऱ्हीडे याने मलबारच्या वनस्पतींचा बारा खंडांचा ग्रंथ सिद्ध करविला. इट्टी अच्युतन या मलयाळी वैद्याबरोबर रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट या तीन कोंकणी वैद्यांनी त्या कामी साहाय्य केले. १६७८ साली ॲम्स्टरडॅम येथे पहिला खंड छापला गेला, तेव्हा त्यांचे कोंकणी भाषेतील निवेदन नागरी लिपीत त्यात समाविष्ट झाले. मराठी प्रवाशाला परक्या गावी आपली अक्षरे अशी अवचित भेटतात.

तथापि नदीने दिलेले हे बंदर अपुरेच होते. मुखाशी वाळूचा बांध आडवा असल्यामुळे मोठ्या आगबोटींना बाहेर समुद्रातच नांगर टाकावा लागे आणि माल होड्यांतून ने-आण करावा लागे. १९२० साली रॉबर्ट ब्रिस्टो हे इंजिनियर येथे आले. त्यांनी तो बांध कापून खोल वाट काढली आणि १९२८ च्या मे महिन्यात ‘पद्मा’ ही बोट आतल्या बंदरात शिरली. तळातून उपसलेल्या गाळाचे त्यांनी बेटच उभारले. तेच आजचे विलिंग्डन बेट. गाळ मात्र अजूनही येतच असतो आणि तो सतत उपसावाच लागतो.

कोचीन पाहून झाले की एर्नाकुलमच्या स्थानकावरून मुन्नारची बस धरावी. अंतर सुमारे एकशे तीस किलोमीटर. कोथमंगलमपर्यंत रबराच्या बागा, केळी आणि लाल कौलांची घरे यांतून गाडी धावते. मग नेरियामंगलमचा कमानींचा पूल येतो. खाली वाहते ती हीच पेरियार. पलीकडे घाट लागतो, चिय्यप्परा आणि वाळरा हे धबधबे दिसतात आणि हवेत गारवा येतो.

हा पूल १९३५ सालचा, आणि त्याच्या मागेही एक पूरच आहे. पूर्वी आलुव्याहून मुन्नारला जाणारी वाट निराळ्याच रानातून जात असे. जुलै १९२४ मध्ये पावसाने असा कहर केला की डोंगराचे कडे कोसळले आणि ती वाट नाहीशी झाली; मुन्नारच्या चहामळ्यांतून धावणारी छोटी आगगाडीही वाहून गेली आणि पुन्हा कधी सुरू झाली नाही. मलयाळी सन १०९९ चे ते वर्ष. म्हणून केरळातील जुनी माणसे त्याला ‘नव्याण्णवचा पूर’ म्हणत. बसमधील प्रवासी ज्या रस्त्याने सुखाने जातो, तो त्या संकटानंतर घडला आहे.

वर पल्लीवासल येथे १९४० सालापासून पाण्यावर वीज निर्माण होते. ते पाणी मुतिरप्पुळ्याचे, आणि ही नदी पुढे पेरियारलाच मिळते. मुन्नारच्या उतारांवर खुडला गेलेला चहा घाट उतरून विलिंग्डन बेटावर जातो. तेथे १९४७ पासून चहाचे लिलाव होत आले आहेत. पाणी खाली जाते, त्याच दिशेने मालही जातो.

ऑगस्ट २०१८ मध्ये पेरियारने पुन्हा आपले सामर्थ्य दाखविले. घाटात दरडी कोसळून मुन्नारचा मार्ग तुटला. नेडुंबाशेरीच्या विमानतळावर पाणी शिरले आणि तो पंधरा तारखेपासून एकोणतीस तारखेपर्यंत बंद राहिला. त्या दिवसांत प्रवासी विमाने उतरली ती विलिंग्डन बेटावरील नौदलाच्या धावपट्टीवर. नदीने आणलेला गाळ माणसाने पूर्वी उपसून ठेवला होता. नदी कोपली त्या दिवशी त्याच गाळाच्या भूमीने माणसाला आधार दिला.

कोचीनला येणारा प्रवासी चर्च पाहतो, राजवाडा पाहतो, जाळ्यांची छायाचित्रे घेतो आणि बसमध्ये बसताच बहुधा डोळे मिटतो. नेरियामंगलमला तरी त्याने जागे असावे. पुलावरून गाडी क्षणभरच जाते. पण ज्या पाण्याने एक बंदर बुजविले, दुसरे घडविले, एक रस्ता पुसला आणि दुसरा काढावयास लावला, ते पाणी तेथे खिडकीतून स्वच्छ दिसते.