डबा उघडून पाहा

नाशकात पुस्तकांची पानं लावणं हा माझा पंचवीस वर्षांचा धंदा. तेव्हा आज ज्या चुकीबद्दल बोलणार आहे, ती मीही केलेली आहे.

मध्यंतरी एका अंध विद्यार्थ्याचा फोन आला. "काका, तुम्ही लावलेली पीडीएफ माझा संगणक वाचतच नाही. नुसतं डॉलर, टक्के, कंस असं बडबडतो!"

दोष जुन्या फॉन्टचा. पडद्यावर 'क' दिसतो, पण आत साठवलेलं असतं एखादं रोमन अक्षर. डब्यावर चिठ्ठी साखरेची, आत मीठ! डोळस माणूस चिठ्ठी वाचून खूश. अंधांना पडदा वाचून दाखवणारं एनव्हीडीएसारखं सॉफ्टवेअर मात्र थेट डब्यात हात घालतं. युनिकोड या अक्षर-संकेतपद्धतीत चिठ्ठीवर जे, तेच आत. देवनागरीला ही सोय १९९१ पासून आहे. आणि आम्ही अजून पानं लावायला युनिकोड न कळणारं २००१ सालचं पेजमेकर कवटाळून!

बरं, इनडिझाइनसारखं नवं सॉफ्टवेअर घेतलं, युनिकोड वापरलं, म्हणजे झालं? नाही. दिवे गेले तरी आई अंधारात चहा करायची, कारण फळीवर प्रत्येक डब्याची जागा ठरलेली. पानाचंही तसंच. मथळा नुसता मोठा नि ठळक करू नका, त्याला मथळ्याची स्टाइल द्या. चित्राला दोन ओळींचं वर्णन द्या. चौकटींचा वाचनक्रम ठरवा, नाहीतर बाजूची चौकट वाक्याच्या मध्येच घुसते. एवढं करूनही पीडीएफमध्ये कधी कधी पहिली वेलांटी भलत्याच अक्षराला जाऊन चिकटते. चिडचिड होते, मला मान्य आहे. पण म्हणून डबा बंदच ठेवायचा?

अंधांना पुस्तकं मिळावीत म्हणून झालेल्या माराकेश कराराला मान्यता देणारा पहिला देश भारत, २०१४ साली. सही दिल्लीने केली. पानं आपण लावतो. घरबसल्या शिकवणारं मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आपल्याच गावात आहे. घरी शिकणाऱ्याचा मास्तर म्हणजे पुस्तक. तेच मुकं निघालं तर?

तेव्हा शेवटी एकच सांगतो. पीडीएफ गिऱ्हाइकाला पाठवण्याआधी त्यातला एक परिच्छेद उचला, नोटपॅडमध्ये चिकटवा आणि वाचा. मराठी दिसलं तर अर्धं काम झालं. गिचमिड दिसली, तर डब्यात मीठ आहे. साखर म्हणून ते कुणाच्या चहात घालू नका.