शिवी कुणाला लागते?

(युवक शिबिरातलं भाषण)



पत्रिकेत माझ्या नावापुढं कवितावाचन छापलंय. कविता म्हणणार नाही. कबुली द्यायची आहे.

गेल्या साली मी ठेकेदारावर कविता केली. गोदीत बारा तास राबवतो नि हजेरी आठाची लावतो, म्हणून त्याला आईवरून घातली. सभागृहात शिट्ट्या, टाळ्या. घरी येऊन आईला वाचून दाखवली. ती भाकरी थापत होती. हात थांबले. म्हणाली, "लेका, पैसं खाल्लं ठेकेदारानं. त्याच्या आईनं तुझं काय खाल्लं?"

मला उत्तर आलं नाही.

आपण शिवी वरच्याला देतो, ती लागते बाईला. ठेकेदार सहीसलामत सुटतो. ही शिवी आपण पाटलाच्या वाड्यावरून उचलली नि विद्रोह म्हणून मिरवली.

'पिंजरा' सिनेमा १९७२ चा. मी मोबाईलवर पाहिला, गाण्यांवर शिट्ट्याही मारल्या. गावाला नीती शिकवणारा गुरुजी तमाशातल्या बाईपायी बुडतो. फासावर जातो, तरी गावात त्याचं नाव देवासारखं राहतं. बुडवणारी कोण? बाई. तिला फडावर कुणी उभं केलं, कुठल्या वस्तीतनं आणलं, हे विचारायची गरज कुणाला वाटत नाही. तमाशात पिढ्यान्‌पिढ्या नाचल्या त्या महार, मांग, कोल्हाट्यांच्या बाया. आपल्या आत्या, आपल्या आज्या. मी शिट्टी मारली ती कुणावर?

त्याच १९७२ साली दलित पँथर उभी राहिली. त्याच साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी पोरीवर बलात्कार झाला. तोच मथुरा खटला. खालच्या कोर्टानं पोरीच्याच चालीवर बोट ठेवलं. सुप्रीम कोर्टानं १९७८ साली, अंगावर जखमा नाहीत असं सांगत, दोन्ही पोलीस सोडले. बाया रस्त्यावर उतरल्या, तेव्हा कुठं १९८३ साली कायदा बदलला. पडद्यावर 'बाईच तसली', कोर्टातही 'बाईच तसली'. पडद्यावर शिट्टी मारून मारून कान तयार होतात, मग कोर्टातलं वाक्य खटकत नाही.

बाबासाहेबांनी १९२७ साली महाडला मनुस्मृती जाळली. बाईला वारसा, घटस्फोटाचा हक्क देणारं हिंदू कोड बिल रखडवलं, या मुख्य रागापायी १९५१ साली मंत्रीपदावर लाथ मारली. आणि आपण? १४ एप्रिलच्या मिरवणुकीत डीजेवर पोरीला 'माल' म्हणणारी गाणी लावतो. आपल्याच बहिणी अंग चोरून कडेकडेनं चालतात. त्यांची जयंती नाही का ती?

कुणी म्हणेल, आधी जातीचं बघू, बायांचं मागनं. अरे, जात बाईच्या अंगावरूनच चालत आली. मागनं म्हणजे कधी?

ती कविता मी फाडली नाही. शिवी तेवढी काढली. तिथं हिशेब लिहिला: रोजचे चार तास, महिन्याचे दिवस सव्वीस, एकशेचार तासांची चोरी. आईला परत वाचली. म्हणाली, "आता लागली बघ त्याला."

तुमच्याही वह्या काढा, गड्यांनो.

जय भीम.